गोड वाइनची जुनी बाटली: कधी उघडायची, कशी द्यायची?

कृषी पर्यटनाला येणारे चाकण-पिंपरीचे पाहुणे कधी कधी नाशिकची ‘लेट हार्वेस्ट’ वाइन भेट देतात. ती माळ्यावर ठेवून विसरू नका.

*गोड का?* शेनिन ब्लांकचे घड नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर ठेवतात. मण्यातलं पाणी उडतं, ब्रिक्स वाढतो. आंबवण मध्येच थांबवली की साखर शिल्लक राहते.

*कधी उघडायची?* जुनी तेवढी चांगली, हे सगळ्या बाटल्यांना लागू नाही. फ्रान्सची सोतेर्न, हंगेरीची तोकाय थंड तळघरात कित्येक वर्षं टिकते. आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात वाइन भाजून निघते. नातवाच्या लग्नासाठी राखू नका. 2-3 वर्षांत उघडा.

*आधी तपासा:* सोनेरी रंग गडद झाला तर चालेल. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर ओतून द्या.

*कशी द्यायची?*
1. फ्रिजमध्ये 3 तास ठेवा. 8-10 अंश पुरे, बर्फ नको.
2. जेवणानंतर लहान ग्लासात 50-60 मिली.
3. सोबत खारे काजू किंवा फळं. श्रीखंडासारख्या जास्त गोड पदार्थापुढे वाइन आंबट लागते.
4. उरली तर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, आठवड्यात संपवा.

*महत्त्वाचे:* परवान्याशिवाय पाहुण्यांना वाइन विकणं किंवा जेवणाच्या बिलात धरणं हा गुन्हा आहे. 21 वर्षांखालच्यांना आणि गाडी चालवणाऱ्याला देऊ नका.

– आपला कृषी सल्लागार