ओल आणि आमची शेतातली खोपी



आपला लातूर जिल्हा दुष्काळाचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मग इथे ओलीची कसली भीती, असे मला वाटायचे. पण पावसाळ्याचे चार महिने आपली काळी माती ओल धरून बसते. त्या ओलीने आमचे एकदा फार नुकसान केले.

मी दुसरीची परीक्षा दिली तेव्हाची गोष्ट. माळव्याच्या वाफ्यांजवळ आमची जुनी खोपी होती. वर उसाचे पाचट आणि बाजूंनी तुराट्यांचा कूड. घरी जागा नाही म्हणून खुरपी, कुदळी, युरियाचे पोते आणि सोयाबीनचे बियाणे तिथेच ठेवत होते. पोती भुईवर, कुडाला टेकून. पेरणीच्या आधी आबांनी मला १०० दाणे मोजायला लावले. ते आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. पाचव्या दिवशी उघडून मोजले तर ३८ च उगवले होते. निदान ७० तरी उगवले पाहिजेत. अण्णांना बियाण्याच्या दोन पिशव्या विकत आणाव्या लागल्या. माझ्या सायकलीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मी रडलो नाही, पण त्या रात्री जेवलोही नाही.

आबा म्हणाले, "बियाण्याला नाव ठेवू नको लेकरा. ठेवणाराची चूक हाय. ओल चार वाटांनी येती. तीन वाटा बंद करायच्या अन् चौथी उघडी ठेवायची." हे कोडे मला तेव्हा कळले नाही. सुट्टीत नवी खोपी बांधली तेव्हा कळले.

पहिली वाट वरून. पाचट दोन-तीन पावसाळ्यांत कुजते आणि गळते. आबांच्या मनात माळवद करायचे होते, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. ते उन्हाळ्यात गार राहते. पण आजी म्हणाली, "मातीचं वझं डोक्यावर नको. किल्लारीचा भूकंप इसरलात का?" तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती अंगावर पडून हजारो माणसे गेली. आबा गप्प बसले. मग हलके पत्रे घालायचे ठरले.

पत्र्यावर आम्ही दगड ठेवले नाहीत. वादळात पत्रा उडतो आणि दगडही पडतो. म्हणून पत्रे वाशांना बोल्टने आवळले. पत्र्याला उंच आणि खोल अशा पन्हाळ्या असतात. भोक उंच भागावर पाडायचे, कारण पाणी खोल भागातून वाहते. बोल्टखाली रबरी वायसर घालायचा. पत्र्याला एका बाजूला उतार दिला आणि कड भिंतीच्या बाहेर एक हात काढली.

दुसरी वाट खालून. पाणी वर कसे चढेल, असे तुम्ही म्हणाल. एक प्रयोग करा. ताटात बोटभर पाणी घ्या आणि त्यात कोरडी वीट उभी ठेवा. थोड्या वेळाने पाहा. ओल विटेत वर चढलेली दिसेल. विटेत बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी वर ओढले जाते. मातीच्या भुईतूनही ओल अशीच पोत्यात येते.

शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे मेढी कलतात. म्हणून दोन हात खड्डे खणून काळी माती काढली आणि मुरूम व दगड भरून ठोकले. मेढीच्या बुडाला डांबर लावले, कारण लाकूड जमिनीच्या तोंडाशी आधी कुजते. आतला ओटा एक हात उंच केला. ओट्याच्या मुरमात मधे जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. ओट्यावर विटा, विटांवर फळ्या आणि फळ्यांवर पोती.

तिसरी वाट बाजूने. आमच्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून दार पूर्वेला केले. कूड शेणमातीने लिंपला. कुडाच्या खाली एक हात दगड रचले, म्हणजे शिंतोडे लागत नाहीत. वरच्या बांधाकडून पाणी येते तिथे चर खणला. पत्र्याचे पाणी पिंपात घेतले. आमचा पत्रा ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे, म्हणजे १२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. मग १० मिलिमीटर पावसात किती? १२० लिटर! ते आम्ही वांग्यांना आणि मिरच्यांना घालतो.

चौथी वाट हवेतून. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना? हवेतली वाफ गार पेल्याला लागून तिचे पाणी होते. पहाटे गार पत्र्याला आतून तसेच थेंब येतात. ही वाट बंद केली तर ओल आत कोंडते. म्हणून पत्र्याखाली दोन्हीकडे वीतभर फट ठेवून तिला जाळी मारली. उंदीर येत नाहीत आणि वारा खेळतो. पोती कुडापासून वीतभर दूर ठेवतो. युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि त्याचे खडे होतात, म्हणून त्याचे तोंड घट्ट बांधतो. फवारणीचे औषध बियाण्याजवळ आणि खाण्याच्या वस्तूंजवळ कधीच ठेवत नाही.

खोपी बांधून काम संपत नाही. आमची कामे अशी:

१. मृगाच्या आधी चर साफ करणे आणि बोल्ट आवळणे. मी दिवसा दार लावून आत अंधारात उभा राहतो. पत्र्यात उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक आहे असे समजतो. अण्णा तिथे डांबर लावतात.
२. मोठा पाऊस उघडला की चरातला गाळ काढणे. ऊन पडले की दार उघडे ठेवणे.
३. दसऱ्याला खुरपी, विळे पुसून वाळवून तेल लावणे.
४. होळीनंतर कूड लिंपणे. मेढीवर वाळवीची मातीची रेघ दिसली तर खरवडून काढणे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. चर दोनदा भरून वाहिला. मी आणि अण्णा डोक्यावर पोते घेऊन गाळ काढत होतो. ओटा कोरडा राहिला. पण पीक निम्मे गेले. हाती आले त्यातले चांगले बियाणे वाळवून फळ्यांवर ठेवले. यंदा पेरणीच्या आधी मी पुन्हा १०० दाणे मोजले. ७४ उगवले! आबांनी स्वतः दोनदा मोजून पाहिले.

बियाणे विकत आणावे लागले नाही. सायकल अजून आली नाही, कारण पत्र्यांची थोडी उधारी बाकी आहे.

पालकांना विनंती आहे की आज घरी गेल्यावर आपले बियाण्याचे पोते हलवून त्याच्या बुडाला हात लावून पाहावा. गार लागले तर ते फळीवर ठेवावे.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी