मोहन्याहून खारघरला: पहिल्या टप्प्याच्या चाचणीतली गोळी

कॅन्सर पुढे गेलाय आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, तुम्हाला नव्या गोळीच्या चाचणीबद्दल विचारलंय? बसा, एकेक पायरी घेऊ.

१. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणा. तिथल्या तिथे सही करू नका, घाई कोणी केली तरी.

२. घरच्यांसमोर ते मोठ्याने वाचा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः गोळी अंगाला किती सोसते आणि डोस किती ठेवायचा, हे पाहतात. गाठ आकसेलच असं धरून सही करू नका. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

३. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. नोंद सक्तीची आहे. सापडली नाही, तर तिथेच थांबा.

४. खर्चाचं स्पष्ट विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद नव्या औषधांच्या चाचण्यांबाबतच्या 2019 च्या नियमांत आहे. गाडीभाड्याचंही विचारा, लाजू नका.

५. चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. काढा, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली पुडीसुद्धा! लपवलेलं औषध गोळीशी भांडू शकतं.

६. पटलं तर संमतीपत्रावर सही करा, तारीख स्वतःच्या हाताने घाला. प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मन बदललं तर कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत.

७. रक्त, ईसीजी, स्कॅन करून घ्या. चाचणीसाठीच्या खास तपासण्या सहीनंतरच होतात. चाचणीच्या निकषांत बसला नाहीत तर खचू नका, आपल्या डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारा.

८. पहिल्या डोसच्या दिवशी मोहन्याजवळच्या आंबिवली स्टेशनहून लवकरची गाडी पकडा. ठाण्याला उतरून पनवेलची गाडी, मग खारघर. उपाशी यायचं की खाऊन, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

९. गोळी तिथेच, नर्ससमोर घ्या. त्यानंतर ठरावीक वेळांनी रक्त घेतात. मध्येच चहाला निघून गेलात, तर ती वेळ हुकते.

१०. घरी रोज गोळी घेतल्याची वेळ वहीत लिहा. एखादी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. उलटी झाली तर लगेच दुसरी गिळू नका, आधी फोन करा.

११. चाचणीच्या डॉक्टरांचा नंबर असलेलं कार्ड खिशात ठेवा. रात्री कल्याणच्या दवाखान्यात जावं लागलं, तर ते आधी दाखवा. नाहीतर तिथल्या डॉक्टरांना या गोळीचा पत्ताच लागणार नाही.

१२. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, धाप लागली, जुलाब थांबेनात, की त्याच क्षणी फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका. गंभीर त्रास चोवीस तासांच्या आत वर कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण त्यांना तो आधी तुमच्याकडून कळायला हवा.

१३. पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत न्या. कचऱ्यात टाकू नका, ती मोजली जातात.