काळोख्या नगरीचा खर्च: सौंसर-पांढुर्ण्यात बसून कॅम्पेनसाठी शहर उभारताना

आधी आकडा. टेबलटॉप रोलप्लेइंगच्या कॅम्पेनसाठी स्वतःचं डार्क फँटसी शहर उभारायला कमीत कमी खर्च येतो शून्य रुपये. छापील नकाशा, फासे, चार-पाच जणांच्या पात्रांचे कागद (कॅरेक्टर शीट) असा नीटनेटका ऐवज हवा असेल तर हजाराच्या आसपास. आणि विकत घेण्याची हौस आवरली नाही, तर पहिला फासा पडायच्या आत पंधरा-वीस हजार सहज जातात. हा हिशेब जामसांवली, सौंसर, पांढुर्ण्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला धरून केला आहे. म्हणजे या खेळांचं खास दुकान जवळ नाही, नागपूर दीड-दोन तासांवर, नेट मोबाइलचं आणि खिशातलं कार्ड बहुधा रुपे.

नियमांच्या पुस्तकावर पहिला पैसा जातो, आणि तोच आधी वाचवता येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम एसआरडी या नावाने फुकट आणि कायदेशीर मिळतात. ५.१ आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली, ५.२ आवृत्ती २०२५ मध्ये. पीडीएफ उतरवून घ्या, संपलं. जाड पुठ्ठ्याची तीन मुख्य पुस्तकं घ्यायला गेलात तर एकेकाची छापील किंमत पन्नास डॉलरच्या घरात आहे, तिन्ही मिळून दहा हजारांच्या वर. शहराच्या कॅम्पेनला त्यातलं निम्मं लागतसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर काळोख्या शहरासाठी डी अँड डीपेक्षा जॉन हार्परचा ब्लेड्स इन द डार्क बरा. खेळाडू म्हणजे चोरांची एक टोळी, शहरात सूर्य उगवतच नाही, आणि नियम सगळे टोळ्या, वस्त्या आणि उधारी यांच्याभोवती फिरतात. त्याचाही एसआरडी फुकट आहे. पूर्ण पीडीएफ वीस डॉलरच्या आसपास, पण तो वर्षभर खेळून झाल्यावर घ्या. याहून काळंकुट्ट, जगबुडीच्या वासाचं काही हवं असेल तर मॉर्क बोर्ग पाहा. त्याचीही बिनचित्रांची आवृत्ती फुकट मिळते आणि नियम एका बैठकीत वाचून होतात.

फासे: सात फाशांचा संच ऑनलाइन तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. एक संच सगळ्यांना पुरतो. ब्लेड्स खेळणार असाल तर साधे सहा बाजूंचेच फासे लागतात, घरातल्या सापशिडीचे चालतील. परदेशी साइटवरून धातूचे फासे मागवू नका. पार्सलवर कस्टम ड्युटी लागते आणि वर कुरिअरवाला हाताळणीचे वेगळे पैसे लावतो. हा आकडा पार्सल दाराशी आल्यावरच कळतो.

नकाशा: फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी

वाताबूचा मध्ययुगीन शहर जनरेटर ब्राउझरमध्ये चालतो. पैसे नाहीत, लॉगिन नाही. आकार निवडा, नदी हवी का, तटबंदी हवी का ते सांगा, आवडेपर्यंत पुन्हा पुन्हा बनवा. फाइल एसव्हीजीमध्ये उतरवा, कारण पीएनजी मोठी छापली की रेघा फाटतात. इंकार्नेटवर रंगीत नकाशे छान होतात. त्याची फुकट आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी आहे. पुढे शहर विकायचं मनात असेल तर वर्गणी भरावी लागेल.

आता छपाई. तालुक्याच्या कोणत्याही गावात वाढदिवसाचे बॅनर छापणारा फ्लेक्सवाला असतोच. दर साधारण चौरस फुटाला दहा ते वीस रुपये. तीन बाय चार फुटांचा नकाशा म्हणजे बारा चौरस फूट, म्हणजे जास्तीत जास्त अडीचशे. पण तीन गोष्टी दारातच बोलून घ्या. एक, ‘फाइल तयार आहे, फक्त प्रिंट’ असं आधीच सांगा, नाहीतर डिझाइनचे शंभर-दोनशे बिलात येतात. दोन, एसव्हीजीची पीडीएफ करून तीच पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला नकाशा दाबला जातो आणि गल्ल्यांची नावं वाचता येत नाहीत. तीन, पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट पिवळी ठेवा. हौसेने काळा नकाशा छापला तर ट्यूबलाइटखाली तो नुसता चकाकतो आणि कुणालाच काही दिसत नाही. छापून आलेला फ्लेक्स एक दिवस उघड्यावर ठेवा, शाईचा वास जाऊ द्या. घडी घालू नका, गुंडाळी करा.

कॅरेक्टर शीटच्या झेरॉक्स पानाला दोन रुपयांच्या आत. पाच जणांचे पाठपोट मिळून वीस रुपयांच्या आत.

शहर कुठून आणायचं?

दुकानदार तुम्हाला तयार शहर विकायला बसलेलेच आहेत. दोनशे पानांची पुस्तकं, त्यात अडीचशे पात्रं, त्यांतली तुमच्या खेळात पाच येतात. तुमच्या पट्ट्यात मात्र माल फुकट पडून आहे.

देवगड घ्या. छिंदवाड्याच्या दक्षिणेला, मोहखेड तालुक्यात, जंगलातल्या डोंगरावर. ही गोंड राजांची राजधानी. इथल्याच बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं आणि पुढे देवगड ओस पडत गेलं. गावाभोवती दगडी बावड्या विखुरलेल्या आहेत. लोक शेकड्यांनी सांगतात. किल्ल्यावर पाण्याचं टाकं आहे, आणि गडाखालून थेट नागपूरपर्यंत भुयार जातं ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. डार्क फँटसीला लागतं ते सगळं यात आलं: उंचावरची मेलेली राजधानी, खालचं नवं शहर, मध्ये कुणी न उतरलेलं भुयार आणि मोजता न येणाऱ्या विहिरी. वंशाच्या मूळपुरुषाची, जाटबाची आख्यायिका तर आयती आहे. गवळी राजांच्या पदरचा हा चाकर देवीच्या कृपेने मालकांनाच मारून गादीवर बसतो, आणि त्याच्या हाती असते लाकडी तलवार. ती तलवार आज तुमच्या शहरात कुणाकडे आहे, एवढा प्रश्न टेबलावर ठेवलात की पहिले तीन महिने चिंता नाही.

जायचं असेल तर स्वतःची गाडी किंवा मोटरसायकल. सकाळी निघा, पाणी आणि खाणं बरोबर न्या, अंधाराआधी खाली या. पावसाळ्यात बावड्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, उतरू नका. खर्च पेट्रोलचा. फोटो भरपूर काढा, पण कोपऱ्यांचे: निखळलेला दगड, दाराची चौकट, झाडाच्या मुळांनी धरलेली भिंत. खेळाच्या वेळी मोबाइल पुढे करून ‘तुम्हाला हे दिसतं’ म्हणायला विकतच्या चित्रांपेक्षा हे चांगलं चालतं.

दुसरा माल पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. हीच गोटमार. गोटमारीची पळून गेलेल्या प्रेमिकांची कथा तुम्हाला सांगायला नको. शहराच्या रचनेसाठी तिचा सांगाडा घ्या: दोन मोहल्ले, मध्ये नदी, वर्षातून एक दिवस हिंसेला मुभा, आणि संध्याकाळी दोन्हीकडचे लोक एकाच देवीच्या दारात. नावं बदला. तिथे दरवर्षी शेकडो खरी डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत; तुमच्या टेबलावरच्या कुणाच्या घरातला कुणी त्यात असू शकतो.

तिसऱ्या गोष्टीबद्दल सावध करतो. जामसांवलीचं निद्रिस्त हनुमानाचं देऊळ, आणि तिथे बाधा झाली म्हणून घरच्यांनी आणलेली माणसं. भयकथेचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो. करू नका. ते आजारी आणि गांजलेले लोक आहेत, त्यांचे फोटो-व्हिडिओ काढू नका, त्यांचं ओरडणं-घुमणं तुमच्या शहरातल्या राक्षसाला लावू नका. तुमच्या शहरात देऊळ हवं तर त्याच्या बाहेरचं जग घ्या: रात्रभर थांबलेल्यांच्या पथाऱ्या, नारळाची दुकानं, दूरच्या गावाहून आलेल्या गाड्या, आशेवर चालणारा सगळा बाजार. त्यात पुरेसा काळोख आहे. आणि खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारा की टेबलावर काय मुळीच नको. चिठ्ठीवर, नाव न घालता. पाच मिनिटं लागतात.

किती बनवायचं, किती वेळात

पहिल्या बैठकीआधी सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही. पूर्ण शहर बनवू नका. एक मोहल्ला, पाच जागा, तीन टोळ्या, एक गुपित. प्रत्येक टोळीला तीन गोष्टी: काय हवं, काय आहे, कुणाची देणेकरी. मग एका पानावर प्रत्येक टोळीसाठी एक वर्तुळ काढा आणि त्याचे सहा भाग करा. ही ब्लेड्समधली ‘क्लॉक’ची पद्धत. ‘पाणीवाले जुन्या बावडीचं झाकण उघडतात’ असं वर्तुळाशेजारी लिहा. खेळाडूंनी त्या टोळीकडे दुर्लक्ष केलं की एक भाग काळा करा. सहा भरले की झाकण उघडलं, मग बाहेर काय येतं ते त्या रात्री ठरवा. एका पेनात शहर जिवंत राहतं, आणि वीस पानांच्या इतिहासाची गरज राहत नाही. तो इतिहास कुणी वाचत नाही, खरं सांगतो.

ऑनलाइन खेळणार असाल तर

निम्मी मंडळी नागपूर-पुण्याला नोकरीला, त्यामुळे हा प्रश्न येणारच. बोलायला डिस्कॉर्ड, फुकट. झूमचा फुकट कॉल चाळीस मिनिटांत तुटतो, गूगल मीटचा तिघे किंवा अधिक जण असले की तासाभराने. व्हिडिओ बंद ठेवा. व्हिडिओवर तासाला एक जीबी सहज जातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक ऐन लढाईत संपतो आणि टॉप-अप मारावा लागतो. नुसत्या आवाजावर अख्खी रात्र निघते.

नकाशा दाखवायला आउलबेअर रोडिओ किंवा रोल२०, दोन्हींची फुकट आवृत्ती पुरते. रोल२० वर एक खोच आहे. मशालीच्या उजेडापुरतंच दिसावं ही सोय, जी काळोख्या शहराला नेमकी हवी असते, वर्गणीदारांनाच मिळते. फाउंड्री या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ती आतच येते, एकदाच पन्नास डॉलर, तेही फक्त खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे मास्टरने, भरायचे. पण फाउंड्री तुमच्या कॉम्प्युटरवरून चालते, आणि मोबाइल नेटवर बाहेरच्या खेळाडूला तुमच्यापर्यंत थेट पोचता येत नाही. कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. मग होस्टिंगची महिन्याची वर्गणी सुरू होते. घरी फायबर असेल तरी स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतो का हे आधी विचारा, पन्नास डॉलर नंतर.

डॉलरमधलं बिल

कागदपत्रं सहसा लागत नाहीत. ईमेल, बस. अडतं ते पैसे भरताना. देशापुरतं रुपे आणि यूपीआय परदेशी साइटवर सहसा चालत नाही. व्हिसा-मास्टरकार्ड असेल तरी आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून तुम्हाला स्वतः चालू करावे लागतात. मर्यादा दोन-तीन हजारांची ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

वीस डॉलरचा पीडीएफ वीस डॉलरला पडत नाही. डॉलर नव्वद रुपये धरा: १,८००. डिजिटल मालावर १८ टक्के जीएसटी लागला की २,१२४. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. शेवटी खात्यातून बावीसशेच्या पुढे जातात. उतरवलेल्या पीडीएफचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून आधी नमुना पानं पाहा.

वर्गणीचं तर सरळ सांगतो: वार्षिक कधीच नको, एक महिना घ्या, लागेल ते सगळं त्या महिन्यात बनवून उतरवा, आणि घेतल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करा. साइटवर रद्द केलं तरी बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट उरलाय का ते वेगळं तपासा.

पैसे देऊन मास्टर मिळतो, परदेशी साइटवर माणशी एका बैठकीचे पंधरा-वीस डॉलर. आपल्या पाच जणांच्या टोळीला हा धंदा परवडत नाही.

केव्हा, कुठे

रविवारी दुपार, कुणाच्या तरी घरी. सभागृहाच्या भाड्यात पडू नका. मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीच्या वाटेवर भाविकांची गर्दी असते, बाहेरून येणाऱ्याला त्या दिवशी बोलावू नका. पोळा आणि गोटमारीचा आठवडा सोडून द्या. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की बागवाल्या घरचा खेळाडू महिनाभर मिळत नाही. त्याचं पात्र तेवढ्यापुरतं तुरुंगात टाका, आणि त्याला कोण सोडवतं यासाठी एक नवं वर्तुळ काढा. चहा-चिवड्याचे दीड-दोनशे रुपये दर बैठकीला धरा. वर्षाच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा हाच निघतो, तेव्हा तो पहिल्याच दिवशी वाटून घ्या.