घरची माणसे आणि दुकानाचा कायदा

पावसाळ्यातल्या रविवारी औंढ्याहून लोहगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि लोणावळ्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवशी प्रत्येक छोट्या दुकानात भाऊ, पुतण्या, मेहुणा, शेजारचा एखादा मुलगा असे सारे उभे असतात. "कामाला किती माणसे?" असे कोणी विचारले, की आम्ही दुकानदार एकच उत्तर देतो, "कामाला कोणी नाही, सगळी घरचीच आहेत." हे उत्तर खोटे नसते, पण कायद्याला ते पुरत नाही. घरचा कोण आणि कामगार कोण, हे कायदा आपल्या पद्धतीने ठरवतो. ती पद्धत आपण समजून घेतली पाहिजे.

गुमास्ता आता कसा?

१९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली प्रत्येक दुकानाला नोंदणी लागत असे. बाजारात तिला आपण 'गुमास्ता' म्हणतो. त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीची सक्ती उरली नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना दिली आणि पोचपावती जपून ठेवली म्हणजे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली आणि त्यानंतर अध्यादेश निघाला.

हे ऐकून आपले बरेच बांधव निर्धास्त झाले. पण सूट मिळाली ती एका कायद्यातून. मजुरीचा, बालकामगारांचा आणि सामाजिक सुरक्षेचा कायदा आपापल्या जागी उभे आहेत.

घरचा कोण?

दुकाने कायद्यात मालकाच्या कुटुंबात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील आणि मालकावर अवलंबून असलेले भाऊ-बहीण एवढेच येतात. पुतण्या, भाचा, मेहुणा, जावई यांचे नाव त्यात नाही. आपण त्यांना घरचे मानतो, आणि मानलेही पाहिजे. पण ते रोज गादीवर बसत असतील, तर एकतर ते भागीदार आहेत किंवा कामगार. तिसरी जागा कायद्यात नाही.

याचा धडा आम्ही घरातच शिकलो. आमच्या भावाचे निधन झाले तेव्हा त्याचा मुलगा नुकताच दहावी झाला होता. तो कापडाच्या दुकानात आला आणि नऊ वर्षे राहिला. त्याचे खाणे, कपडे, ईदचा खर्च, लग्न, सारे दुकानातून झाले. पगार असा कधी ठरला नाही. पुढे त्याने स्वतःचे दुकान काढायचे म्हटले आणि विचारले, "चाचा, या दुकानात माझे काय आहे?" आम्ही आमचा खर्च मोजला, त्याने त्याचे दिवस मोजले. कागद दोघांकडेही नव्हता. जमातीतील दोन बुजुर्ग दोन संध्याकाळी बसले, तेव्हा रक्कम ठरली. रक्कम चुकती झाली, पण मने जुळायला दोन ईदा गेल्या. त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. चूक आमची होती. पहिल्याच महिन्यात आम्ही ते ठरवायला हवे होते.

मजुरीचा पुरावा मालकाकडे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता लागू झाली. ती लहान-मोठ्या सर्व आस्थापनांना आहे. त्यातील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, मग काम रोजावर असो वा नगावर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. आणि मजुरी मिळाली नाही अशी तक्रार झाली, तर ती दिली हे मालकाने सिद्ध करायचे असते. अशी मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. म्हणजे हातोहात दिलेली, कुठेही न लिहिलेली मजुरी कायद्यापुढे न दिल्यासारखीच ठरू शकते.

दहाचा आकडाही विसरू नये. दहा माणसे झाली की ग्रॅच्युइटी आणि राज्य कामगार विम्याचा प्रश्न येतो, वीस झाली की भविष्य निर्वाह निधीचा. दुकाने कायद्याचा आकडा वीस झाला म्हणून हे आकडे बदललेले नाहीत.

मुलांच्या बाबतीत

२०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. दुकानदाराच्या कामाची सवलत एवढीच आहे : शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या धंद्यात मदत. इथे कुटुंबाची व्याख्या मोठी आहे, तिच्यात मुलाचे चाचा, फुफी, मामा, खाला येतात. म्हणजे एकच पुतण्या या कायद्यात घरचा आणि दुकाने कायद्यात कामगार! पण शेजारचा मुलगा कुठेच घरचा नाही. त्याला ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याची शाळा बुडाली, तर ते नुकसान दंडाहून मोठे आहे.

आता काय करावे?

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना सरकारी मराठी जड जाते. म्हणून आपण कागद न वाचताच सही करतो. त्यापेक्षा शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून कागद वाचून घ्यावा. एक वही करावी. तिच्यात नाव, नाते, कामाला लागल्याची तारीख, ठरलेली मजुरी आणि दिलेली मजुरी लिहावी, आणि समोर घेणाऱ्याची सही घ्यावी. वही कोणत्या भाषेत आहे यापेक्षा ती रोज लिहिली जाते की नाही, हे महत्त्वाचे. भाऊ बरोबरीने राबत असेल तर भागीदारीचा दस्त करावा, आणि पुतण्या असेल तर त्याचा पगार ठरवावा.

कोणी म्हणेल, आपल्याच माणसांशी लिहापढी कसली? सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि त्यात आप्तांना वगळलेले नाही. मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची प्रेषितांची (स.) ताकीदही आपण लहानपणापासून ऐकली आहे. सरकारचा कायदा आज जे मागतो, त्यातले बरेचसे आपल्यावर आधीपासूनच फर्ज आहे. लिहिल्याने नाते तुटत नाही. न लिहिल्याने ते कसे ताणले जाते, हे आम्ही पाहिले आहे.