अनेर धरण आणि थाळनेर: एका दिवसाची सहल

प्रश्न : धुळ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, असं पाणी, जंगल आणि इतिहास एकत्र पाहायला मिळणारं ठिकाण सुचवाल का? सोबत मुलं आहेत.
– एक वाचक, धुळे

उत्तर : शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य गाठा. सातारा-कोल्हापूरकडच्या अभयारण्यांसारखा गाजावाजा त्याच्या वाट्याला आलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं हे सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जलाशयाकाठून सातपुड्याच्या रांगा छान दिसतात. पक्ष्यांसाठी हिवाळ्यातली सकाळ निवडा, दुर्बीण विसरू नका.

दुपारी तापीकाठच्या थाळनेरला जा. खानदेशच्या फारुकी राजवटीची ही पहिली राजधानी. फारुकींच्या दगडी कबरी इथे आहेत. त्यातली अष्टकोनी कबर नक्षीकामासाठी निवांत पाहावी. नदीकाठच्या किल्ल्याचे आता अवशेषच उरलेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा दरवाज्यातल्या चकमकीत त्यांचे अधिकारी मारले गेले आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी देण्यात आली. हा प्रसंग मुलांना तिथेच सांगा.

परतताना वेळ उरलाच, तर पांझरा-तापी संगमावरचं मुडावदचं कपिलेश्वर मंदिर पाहा.

अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाची परवानगी विचारून घ्या. जेवण-पाणी घरूनच न्या. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका आणि कचरा परत आणा.