पर्सनलवर विचारू का, मॅम?

तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप 'तात्पुरता' काढला होता. कॉलेजं केव्हाच उघडली; ग्रुप मात्र दर वर्षी नव्या बॅचसाठी पुन्हा जन्म घेतो.

1. नियम आपण करतो आणि त्याची झळ भलत्यालाच बसते. 'रात्री आठनंतर मेसेज नको' असं ग्रुपवर लिहून मी आपल्या शिस्तीवर खूश होते. मग पालकसभेत कळलं, की कितीतरी घरांत फोन एकच. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री जेवणं उरकल्यावर मुलांच्या हाती येतो. म्हणजे दहा वाजता येणारा डाउट आगाऊपणाचा नसतो, दिवसभर थांबलेला असतो. आता मेसेज केव्हाही पाठवा, उत्तर सकाळी. कुंपण माझ्याभोवती. ब्लू टिकही बंद केली; एकदा उघडलेला मेसेज तसाच ठेवायला अंगात जो कोडगेपणा लागतो, तो माझ्यात नाही.

2. पर्सनलवर विचारणारी मुलं नेहमी तीच असतात. धीट, बोलकी, बहुतेक पुढच्या बाकांवरची. बारावीच्या रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाला 30 गुण असतात. जिच्याशी रात्री नर्न्स्टच्या समीकरणावर अर्धा तास चॅट केलं, तिच्या जर्नलवर सही करताना माझं मन अगदी स्वच्छ असेलही. पण मागच्या बाकावरच्या मुलीने ते का मानावं? म्हणून प्रश्न पर्सनलवर आला तरी उत्तर ग्रुपवर, विचारणाऱ्याचं नाव गाळून. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्यांचे 'थँक्यू मॅम' येऊ लागले, त्याचं मला फार नवल वाटलं. एका हुशार मुलाने मात्र तोंडावर विचारलं, ''डोकं मी खपवायचं आणि उत्तर सगळ्यांना?'' मी हसून वेळ मारून नेली. अजूनही मला त्याचं पूर्ण चुकलं असं वाटत नाही.

3. मुलं अंगठे मोजतात. कुणाच्या उत्तराला अंगठा, कुणाच्या उत्तराला टाळ्या, याचा हिशेब कँटीनमध्ये होतो. आता सगळ्यांना अंगठाच. वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणालाच नाहीत, माझ्या भाचीलाही नाहीत. ती याच वर्गात आहे आणि अजून रुसलेली आहे.

4. मिसरूड फुटलेली, माझ्याहून वीतभर उंच मुलंसुद्धा कायद्याने बालकं आहेत. 2012 च्या पोक्सो कायद्यात रेष अठरा वर्षांची आहे, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही तीच. त्यामुळे एकट्या मुलाशी व्हिडिओ कॉल नाही. आणखी कुणी विद्यार्थी किंवा घरचं माणूस सोबत हवं. गुणांची यादीही ग्रुपवर नाही. वर्गात वाचलेले गुण मधल्या सुट्टीपर्यंत विरतात, स्क्रीनशॉट थेट आत्याच्या ग्रुपवर पोहोचतो.

पण याच रेषेपाशी माझे सगळे नियम लटपटतात. 'मॅम, खूप टेन्शन आलंय, कुणाला सांगू नका.' हा मेसेज मी सकाळपर्यंत ठेवत नाही. 'सांगणार नाही' असं वचनही देत नाही. ते दिलं की दार आतून लावून घेतल्यासारखं होतं, आणि आत आम्ही दोघंच. मी लिहिते, 'मी वाचलंय. घरी आत्ता कोण आहे?' टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पाठवते, तो रात्रीही चालतो. गरज वाटली तर घरी फोन करते. एक मुलगा त्यावरून दोन महिने माझ्याशी बोलला नाही. न बोलेना का, रोज वर्गात येत होता.

5. इन्स्टाग्रामच्या रिक्वेस्ट मी बारावीचा निकाल लागेपर्यंत तशाच ठेवते. मे महिन्यात मोठ्या उदारपणे स्वीकारायला बसते, तोवर निम्म्यांनी त्या मागे घेतलेल्या असतात.