बाईंची परीक्षा

मुलांनो, तुम्ही रोज आम्हा शिक्षकांना पाहता. कोणते सर खडू मोडून घेतात, कोणत्या मॅडम गृहपाठ तपासायला विसरतात, हे तुम्हांला तोंडपाठ असते. पण शिक्षक होतात कसे? पाथरीच्या आमच्या उर्दू शाळेत मी हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला. एक मुलगी म्हणाली, "खूप शिकले की होतात." तिची मैत्रीण म्हणाली, "बी.एड. केले की झाले." मागच्या बाकावरून आवाज आला, "किस्मत लागते, मॅडम!" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना वाटले, तिघींचेही थोडे थोडे खरे आहे आणि कोणाचेच पुरे खरे नाही.

एक शब्द आधी समजून घ्या : पात्रता. उर्दूत आपण अहलियत म्हणतो. एखाद्या कामासाठी आपण लायक आहोत हे नुसते सांगून चालत नाही, ते दाखवावे लागते. महाराष्ट्रात शिक्षक व्हायचे असेल तर ही पात्रता एकदा नव्हे, अनेकदा दाखवावी लागते.

पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. तिला पूर्वी डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. घरातली मोठी माणसे मात्र अजूनही डी.एड.च म्हणतात, तुम्ही गोंधळू नका. ही पदविका उर्दू माध्यमातूनही करता येते. सहावीपासून पुढच्या वर्गांना शिकवायला बहुतेक जण पदवी घेतात आणि मग बी.एड. करतात. बी.एड. झाले म्हणजे लहान वर्गांनाही शिकवता येईल, असे पुष्कळांना वाटे. 2018 मध्ये तशी परवानगी मिळालीही होती. पण 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही योग्य पात्रता नाही. लहान मुलांना शिकवण्याची विद्या निराळी आहे. मला हे पटते. माझ्या धाकट्या भाच्याला अलिफ, बे शिकवताना माझे बी.एड. काही कामी आले नव्हते.

माझे बी.एड. एका वर्षाचे होते. 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले. त्या वर्षातली एक गोष्ट तुम्हांला सांगितलीच पाहिजे. बी.एड.मध्ये सुरुवातीला 'सूक्ष्म अध्यापन' असते. म्हणजे पूर्ण तास घ्यायचा नाही, पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचे. कधी प्रश्न विचारण्याचे, कधी उदाहरण देण्याचे, कधी फलकलेखनाचे. समोर मुले नसतात, आपलेच सोबती मुले होऊन बसतात. माझा फलकलेखनाचा पाठ मराठीतून होता. मी खडू घेतला, फळ्याकडे वळले आणि सवयीने उजव्या कोपऱ्यातून सुरुवात केली! दोन अक्षरे लिहिली आणि पुढे जागाच नाही. सगळे सोबती हसले. आमचे प्राध्यापक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पुसा आणि डावीकडून लिहा. विद्यार्थी तुमचा हात बघत असतात." आजही फळ्यापुढे उभी राहिले की मी आधी मनात विचारते, आज कोणती भाषा, कोणती बाजू?

मग सराव पाठ आले. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे. आदल्या रात्री पाठ टाचण काढायचे, म्हणजे उद्या काय शिकवणार, कोणता प्रश्न विचारणार, फळ्यावर काय लिहिणार, हे सगळे वहीत मांडायचे. माझ्या टाचणात लिहिले होते : 'विद्यार्थी उत्तर देतील.' विद्यार्थ्यांनी उत्तर दिले नाही. टाचणात पुढे काय करायचे ते लिहिलेच नव्हते.

2011 मध्ये मी शाळेत लागले. तेव्हा वाटले, आता परीक्षा संपल्या. पण बाहेर एक कायदा आकार घेत होता. मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला होता. मुलांना नुसती शाळा मिळून उपयोग नाही, शिक्षकही लायक हवा, म्हणून शिक्षक पात्रता परीक्षा आली. तिलाच टीईटी म्हणतात. आपल्या राज्याने 13 फेब्रुवारी 2013 रोजी तिची सक्ती केली, आणि पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने 15 डिसेंबर 2013 रोजी पहिली परीक्षा घेतली.

ही परीक्षा कशी असते? दोन पेपर असतात. पहिली ते पाचवीसाठी पहिला, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येक पेपरात 150 प्रश्न, 150 गुण आणि अडीच तास. हिशेब करा, एका प्रश्नाला एक मिनिट. खुल्या गटाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण मिळवावे लागतात. राखीव गटाला 55 टक्के. दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्राला 30 गुण आणि दोन भाषांना प्रत्येकी 30 गुण असतात. पहिली भाषा उर्दू घेतली, तर दुसरी भाषा मराठी किंवा इंग्रजी घ्यावी लागते.

बालमानसशास्त्राचे नाव ऐकून घाबरू नका. त्यात पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. मग एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, उंच पेल्यात पाणी जास्त आहे. तुम्ही त्याच्यादेखत ओतले तरी! मी भाच्यावर करून पाहिला. त्याने उंच पेलाच मागितला. मूल खोटे बोलत नाही, हट्टही करत नाही, त्याला तसे दिसते. ज्याला हे माहीत नाही तो शिक्षक मुलाला मूर्ख म्हणून मोकळा होईल.

पहिल्या परीक्षेला मीही बसले. माझ्यावर सक्ती नव्हती, कारण मी आधीच लागले होते. पण सोबतच्या शिक्षिका अर्ज भरत होत्या, म्हणून मीही भरला. निकाल लागला : 150 पैकी 84. सहा गुण कमी. गुणपत्रक पाहिले, तर उर्दूत 30 पैकी 26 आणि मराठीत 30 पैकी 11. मुलांनो, हे लिहिताना मला आजही थोडी लाज वाटते. शाळेत असताना मी मराठीच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत असे. मला वाटे, आपल्याला उर्दू शाळेतच शिकवायचे आहे, मग मराठी कशाला? त्या अकरा गुणांमध्ये माझ्या खिडकीचा मोठा वाटा होता.

गुणपत्रक कपाटात गेले आणि मी वर्गात. वर्षे गेली.

नव्या उमेदवारांसाठी वाट आणखी लांब झाली. टीईटीनंतर आणखी एक चाचणी आली, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. शिक्षक होण्याचा मूळ कल आणि बुद्धी पाहणारी. ती उर्दूतूनही देता येते. 200 प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद! नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही, ही चाचणी मात्र लागते. तिच्या गुणांवर 'पवित्र' नावाच्या पोर्टलवरून निवड होते. पण पहिली चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि दुसरी थेट 2023 मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती मुलामुलींनी पुस्तके बांधून ठेवली असतील! निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षण सेवकाला पूर्वी महिना 6,000 रुपये मिळत, जानेवारी 2023 पासून 16,000 झाले.

काहींनी आडवाट धरली. 2019 ची टीईटी जानेवारी 2020 मध्ये झाली. तिच्यात पैसे देऊन गुण वाढवल्याचे पुढे उघड झाले आणि 2022 मध्ये 7,874 उमेदवारांचे निकाल रद्द झाले. त्यांतले काही तोवर वर्गात उभे राहून हजेरी घेत होते. मी 84 गुणांची, पण त्या बातमीने मला राग आला.

मग 1 सप्टेंबर 2025 चा दिवस आला. महाराष्ट्रातल्या एका अल्पसंख्याक शिक्षण संस्थेने, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टने, लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी हवी. ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त मुदत उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याकांच्या शाळांना हे लागू होते का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. आमची शाळा त्याच प्रश्नात मोडते. शिक्षक-कक्षात दोन तट पडले. एक सर म्हणाले, "वीस वर्षे शिकवले, आता आमची परीक्षा? हा इन्साफ नाही." त्यांचे म्हणणे मला अगदी चूक वाटत नाही. वीस वर्षांचा वर्ग हीसुद्धा परीक्षाच असते. पण माझ्या कपाटात ते अकरा गुण होते. मी खंडपीठाची वाट पाहिली नाही. अर्ज भरला.

मराठी कोणाकडे शिकावी? आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक निवृत्त गुरुजी राहतात, नव्वदी ओलांडलेले. मी त्यांच्याकडे गेले. गुरुजी म्हणाले, "बसा बाई. मी तुमच्या उलट्या बाजूने आलो आहे."

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. पाथरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेथे उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. मराठवाड्यातल्या मराठी घरच्या मुलांनाही वरच्या वर्गात उर्दूतून शिकावे लागे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. आमचे गुरुजी 1948 पर्यंत उर्दूतून शिकले आणि पुढे जन्मभर मराठीतून शिकवत राहिले. ते अजूनही हिशेब करताना पुटपुटतात : जमा, तफरीक, जर्ब, तकसीम. त्यांनी मला विचारले, "तफरीकला मराठीत काय म्हणतात?" मी म्हणाले, "वजाबाकी." ते हसले, "वजा तुमचा, बाकीही तुमची. आणि तुम्ही म्हणता मराठी परकी!" खरेच आहे. अर्ज, मुदत, तारीख, दाखला, हजेरी, सगळे शब्द दोन्ही घरी नांदतात.

रोज संध्याकाळी मी त्यांच्यापुढे एक उतारा वाची. अडायचे ते लिंगापाशी. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तिसरे नपुंसकलिंग. किताब उर्दूत स्त्रीलिंगी, तर पुस्तक नपुंसकलिंगी. मी 'चांगली पुस्तक' म्हटले की गुरुजी काठी आपटत. तुम्हीही हीच चूक करता. तुमच्या वह्यांत मी तिला लाल शाई लावते, आणि संध्याकाळी माझ्यासाठी काठी वाजे.

23 नोव्हेंबर 2025. मानवतमार्गे एस.टी.ने परभणीला गेले. सकाळी पहिला पेपर होता आणि दुपारी दुसरा, माझा. केंद्राच्या दारात तपासणीच्या रांगेत उभी होते. मागून कोणी म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे? ड्युटी आहे का?" वळून पाहते तर माझी जुनी विद्यार्थिनी! बारावीनंतर तिने उर्दू माध्यमातून डी.एड. केले, मग पदवीही घेतली. सकाळचा पेपर देऊन आता दुसऱ्यासाठी थांबली होती. मी म्हणाले, "ड्युटी नाही, परीक्षा आहे." तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग हळूच तिने विचारले, "मॅडम, तुमच्याकडे जास्तीचा काळा बॉलपेन आहे का?" वर्गातही ती पेन विसरत असे.

अडीच तास गोल काळे करण्यात गेले. मराठीच्या उताऱ्याखाली एक प्रश्न लिंगाचा होता. मला काठीचा आवाज ऐकू आला.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन गुरुजींकडे गेले. एकूण 97 गुण. ती मुलगीही दोन्ही पेपर उत्तीर्ण झाली होती, आता ती पुढच्या चाचणीची तयारी करते आहे. गुरुजींनी पेढा घेतला नाही. आधी विचारले, "मराठीत किती?"

"तीसपैकी चोवीस, गुरुजी."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, तफरीक केली आणि म्हणाले, "सहा कुठे गेले, बाई?"